परत म्हणायची खोड

“खाली, अर्धा फूट!” लिफ्टच्या टपावर उकिडवे बसलेले मिस्त्री वर तोंड करून ओरडले.

“खाली, अर्धा फूट!” अकराव्या मजल्याच्या वरच्या मोटरच्या खोलीतून बारक्याचा आवाज आला.

“हां, घे.”

लिफ्टचा डबा अर्धा फूट खाली सरकला आणि थांबला. मिस्त्रींनी दाराच्या कडीला तेल दिलं, हात पुसले, खिशातून एक चौकोनी चिठ्ठी काढली आणि बॅटरीच्या उजेडात वाचली. मग डोळे मिटून घोकू लागले, “रिलक्टंट. रिलक्टंट म्हणजे नाखूश. रिलक्टंट...”

“रिलक्टंट!” बारक्याने वरून इमानेइतबारे परत सांगितलं. “पण वर की खाली?”

“तुला नाही रे! माझं मी म्हणतोय!”

“मग मनात म्हण की! मी इथे बटणावर बोट ठेवून बसलोय!”

बारक्या एकशे दहा किलोचा होता, म्हणून त्याला सगळे बारक्या म्हणत. त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं नव्हती. ती कुठे गेली असं कुणी विचारलं, तर तो कधी बायकोने रागाच्या भरात तोडली म्हणून सांगे, कधी मगरीला बिस्कीट भरवायला गेलो होतो म्हणून सांगे. मिस्त्री आणि तो एकवीस वर्षं जोडीने लिफ्टा दुरुस्त करत होते. पाळीपाळीने एकाने डब्याच्या टपावर बसायचं, दुसऱ्याने वर मोटरपाशी. टपावरचा जे सांगेल ते वरच्याने परत म्हणायचं, टपावरच्याने ‘हां’ म्हणायचं, मगच बटण दाबायचं. कंपनीच्या पुस्तकात हा नियम असा कुठे लिहिलेला नव्हता. या दोघांनीच तो अठरा वर्षांपूर्वी स्वतःला घालून घेतला होता, आणि त्यानंतर एकदाही मोडला नव्हता.

नियम टपावर होता तोवर ठीक होतं. मिस्त्रींच्या तो अंगातच मुरला. घरी बायको म्हणायची, “मीठ संपलंय.” मिस्त्री म्हणायचे, “मीठ संपलंय.” आणि तिच्या तोंडाकडे बघत बसायचे. “अहो, मी तेच म्हणतेय!” ती वैतागायची. मग मिस्त्री उठून मीठ आणायला जायचे. तिच्या ‘हां’शिवाय त्यांचं पाऊलच उचलत नसे.

आता ते म्हणणारीही घरात नव्हती. मिस्त्रींची बायको नर्स होती. सहा वर्षांपूर्वी ती परदेशात, म्हाताऱ्या माणसांच्या एका निवासात नोकरीला गेली. लेक तेव्हा सोळा वर्षांची होती. दोन-तीन वर्षांचा प्रश्न आहे, असं जाताना सगळेच म्हणाले होते. आता तिला तिथे कायमचं राहायची परवानगी मिळाली होती आणि नवऱ्याला बोलावून घ्यायचा हक्कही. अट एकच, नवऱ्याने इंग्रजीची परीक्षा पास व्हायची. घोडं तिथेच पेंड खात होतं.

मिस्त्री दोनदा नापास झाले होते. दोन्ही वेळा लिहिण्यात पास, ऐकण्यात पास, आणि बोलण्यात अर्ध्या-एका गुणाने घसरगुंडी. कारण काय ते निकालाच्या कागदावर छापत नाहीत. तेव्हा लेकीने निदान केलं, “बाबा, तुमच्याकडे शब्दच कमी आहेत.” ती एका प्रयोगशाळेत रक्त तपासायची, त्यामुळे कशात काय कमी आहे हे सांगायची तिला सवयच होती. तिने दोन हजार शब्दांच्या चिठ्ठ्या केल्या आणि रोज पंचवीस याप्रमाणे बापाला पाजायला सुरुवात केली.

संध्याकाळी मिस्त्री भाजी चिरत असत आणि लेक ओट्याला टेकून उभी राही.

“अॅडव्हान्टेज?”

“अॅडव्हान्टेज?” मिस्त्री म्हणत.

“विचार करायला वेळ नका काढू, सांगा.”

“फायदा.”

“लेझर?”

“लेझर? ... फुरसत.”

“रिलक्टंट?”

“रिलक्टंट? ते मघाशीच केलं टपावर. थांब... नाखूश. जायचं नसतं पण जावं लागतं तो.”

लेकीने चिठ्ठ्या खाली ठेवल्या. “बाबा, एक विचारू? तुम्हाला जायचंय ना?”

“मला जायचंय ना...” मिस्त्री म्हणाले आणि भोपळी मिरचीचा देठ उगाच बारीक बारीक चिरत राहिले.

खरं म्हणजे त्यांना जायचं होतं. दोघांपुरता स्वयंपाक करायचा, लेक बाहेर खाऊन आली की तोच दुसऱ्या दिवशी गरम करायचा, याला ते विटले होते. पण रात्री पडल्या पडल्या दुसरंच काहीबाही डोक्यात येई. तिथे त्यांना कोण लिफ्टला हात लावू देणार? दुकानात गेलं तर बायको बोलणार आणि हे पिशवी धरून उभे राहणार. इथे अकरा मजल्यांच्या इमारतीत शिरले की पहारेकरी उठून उभा राहतो, आणि तिथे हे फक्त नर्सबाईंचे मिस्टर. हे कुणाला बोलून दाखवण्यासारखं नव्हतं. मग ते उठून पाणी पीत, चिठ्ठी काढत, दोन शब्द घोकत, पुन्हा आडवे होत.

दर रविवारी दुपारी बायकोचा व्हिडिओ कॉल यायचा. वर्षभरापासून तिने नियम केला होता, पहिली दहा मिनिटं इंग्रजीत. ती दहा मिनिटं म्हणजे दोन अनोळखी माणसं प्रतीक्षागृहात भेटल्यासारखी असत. तब्येत कशी आहे, तब्येत चांगली आहे, हवा कशी आहे, हवाही चांगली आहे. सत्तावीस वर्षं ज्या बाईशी रिमोटवरून, नळावरून, भावजयीवरून मनसोक्त भांडण केलं, तिला मिस्त्री सांगत की आज आकाश निरभ्र आहे. रुसण्याला इंग्रजीत काय म्हणतात ते त्यांनी एकदा लेकीला विचारलं होतं. तिने तीन शब्द सांगितले आणि एकही पटला नाही.

परीक्षेच्या आधीच्या रविवारी बायकोने दहा मिनिटं इंग्रजी केलंच नाही.

“शनिवारी आहे ना?” ती म्हणाली.

“शनिवारी आहे.”

“महिनाअखेर निकाल जोडला नाही तर फाइल बंद होणार. व्हिसाच्या साहेबाने स्पष्ट सांगितलंय.”

“फाइल बंद होणार.”

“माझंच मला परत ऐकवू नका हो!” तिचा आवाज चढला, मग एकदम उतरला. “एक बोलू? मला वाटायला लागलंय, तुम्ही मुद्दाम नापास होता.”

मिस्त्रींनी फोन दुसऱ्या हातात घेतला.

“तसं असेल तर सांगून टाका. मी समजून घेईन. पण या वेळेला नाही झालं, तर मी पुन्हा या म्हणणार नाही. सहा वर्षं वाट बघितली. आता दमले मी.”

“काहीतरीच काय! मुद्दाम कोण नापास होतं? शाळेत होतो तेव्हासुद्धा मी मनापासून व्हायचो,” मिस्त्री म्हणाले. ती हसली नाही. कॉल संपल्यावर मिस्त्रींनी स्वयंपाकघरातला नळ उघडला, बघितला आणि बंद केला.

शनिवारी ते अर्धा तास आधीच केंद्रावर पोचले. गालिचे घातलेल्या गार इमारतीत विशी-बाविशीची पोरं-पोरी कानाला यंत्र लावून इंग्रजी ऐकत बसली होती. शिंगं मोडून वासरांत शिरणं म्हणजे काय, ते मिस्त्रींना त्या खुर्चीत बसल्यावर कळलं. शेजारच्या मुलीने आदराने विचारलं, “काका, कुणाला सोडायला आलात?”

“मलाच,” मिस्त्री म्हणाले.

लिहिण्याचा पेपर बरा गेला. अॅडव्हान्टेज आला, लेझरही आला. मग बोलण्यासाठी त्यांना एका लहानशा खोलीत नेलं. टेबलापलीकडे चष्मा लावलेल्या एक परीक्षक बाई, टेबलावर ध्वनिमुद्रणाचं यंत्र आणि एक छोटं घड्याळ.

बाईंनी इंग्रजीत विचारलं, तुम्ही काय काम करता?

“मी काय काम करतो,” मिस्त्रींनी इंग्रजीत म्हटलं आणि ते बाईंच्या तोंडाकडे बघत थांबले.

बाईही थांबल्या. मग त्यांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला, सावकाश, एकेक शब्द सुटा करून. मिस्त्रींनी उत्तर दिलं. चांगलं दिलं. बाईंनी पुढचं विचारलं, हे काम तुम्हाला का आवडतं?

“हे काम मला का आवडतं.” पुन्हा थांबले.

बाईंनी घड्याळ किंचित आपल्याकडे वळवलं आणि कागदावर एक छोटीशी खूण केली. ती खूण मिस्त्रींनी बघितली आणि डोक्यात लख्ख उजेड पडला. मागच्या दोन्ही परीक्षांमध्येही हेच झालं होतं. तेव्हाच्या परीक्षकही अशाच थांबल्या होत्या, अशाच सावकाश बोलल्या होत्या. फार मायाळू माणसं आहेत, असं मिस्त्रींना वाटलं होतं! प्रश्न कळत नाही म्हणून हा माणूस तोच परत म्हणतो, असं त्यांनी गृहीत धरलं असणार, आणि वेळ तर तसाच वाया गेला होता. इथे दोन हजार शब्द घोकून घसा कोरडा झाला, आणि दुखणं भलतीकडेच होतं.

पुढच्या प्रश्नाला मिस्त्रींनी दात घट्ट मिटून घेतले. परत म्हणायचं नाही. काही झालं तरी परत म्हणायचं नाही. पण परत न म्हणता उत्तर द्यायचं म्हणजे ‘हां’ न ऐकता बटण दाबायचं. उत्तर आलं ते तुकड्यातुकड्यांनी, मध्येच अडखळत. जित्याची खोड एका मिनिटात थोडीच जाते!

शेवटी बाईंनी एक कार्ड पुढे केलं. तुम्ही आयुष्यात पाळत असलेला एक नियम सांगा, तो तुम्ही का पाळता तेही सांगा. दोन मिनिटं.

मिस्त्रींच्या जिवात जीव आला. यात परत म्हणायला काही नव्हतं. ते सुटलेच. टपावर कोण बसतं, वर कोण बसतं, कोण काय म्हणतं, सगळं सांगितलं. काळ चुकला, क्रियापदं मागेपुढे झाली, त्यांना पर्वा नव्हती. मग ते अठरा वर्षांपूर्वीच्या दिवसावर आले. त्या दिवशी माझा मित्र टपावर होता, मी मोटरपाशी होतो, मला घरी जायची घाई होती. माझा मित्र थांब म्हणाला, आणि मी...

“थँक यू,” बाई म्हणाल्या. दोन मिनिटं झाली होती.

पुढचं वाक्य तोंडातच राहिलं. अठरा वर्षांत ते त्यांनी कुणापुढेही काढलं नव्हतं, बायकोपुढेसुद्धा नाही. परक्या बाईपुढे, परक्या भाषेत ते अगदी ओठांवर आलं होतं. मिस्त्री बाहेर आले, चुकीच्या बसमध्ये चढले आणि चार थांबे गेल्यावर उतरले.

निकालाला तेरा दिवस होते. ते तेरा दिवस मिस्त्रींनी घराला धड राहू दिलं नाही. दारांच्या बिजागऱ्या काढून पुन्हा बसवल्या, घंटेची तार बदलली, शेजाऱ्यांचा न बिघडलेला पंखा उतरवला.

“बाबा, तो नळ गळत नव्हता,” लेक म्हणाली.

“आता कधीच गळणार नाही.”

“आता गळायला लागलाय!”

अकराव्या दिवशी ते बारक्याबरोबर मोटरच्या खोलीत चहा पीत बसले होते. बारक्याने तीन बोटांत कप धरला होता. मिस्त्री त्या हाताकडे बघत होते आणि ते वाक्य काही केल्या आत राहीना.

“बारक्या, त्या दिवशी तू थांब म्हणालास, ते मी ऐकलं नव्हतं.”

“कुठल्या दिवशी?”

“तुला माहितेय कुठल्या. कंपनीला मी सांगितलं की मोटर उशिरा थांबली. मोटरचा काही दोष नव्हता. तू काय सांगतोस ते ऐकायला मी थांबलोच नाही. घाईत होतो. बटण आधीच दाबलं होतं.”

बारक्याने चहाचा घोट घेतला. “माहितेय.”

“माहितेय?”

“एकदा म्हटलं ना, बास. टपावर मी होतो. डबा आधी हलला आणि मी मग ओरडलो, हे मला कळणार नाही होय?”

“मग इतकी वर्षं बोलला का नाहीस?”

“काय बोलायचं? लोक विचारायचे बोटं कुठे गेली. खरं सांगितलं असतं तर सगळे तुझ्याकडे बघत बसले असते. त्यापेक्षा मगर काय वाईट होती?” त्याने कप खाली ठेवला. “आणि तू त्या पोटी मला सोडून जात नसशील ना, तर तो येडेपणा आहे. सांगून ठेवतो. वहिनी तिथे एकटी आहे.”

मिस्त्रींना रडू आलं. ते त्यांनी बारक्यासमोर लपवायचा प्रयत्नही केला नाही. बारक्या मात्र उठून मोटरवरची धूळ पुसायला लागला, जी त्याने मघाशीच पुसली होती.

तेराव्या दिवशी दुपारी निकाल फोनवर आला. लिहिणं पास, ऐकणं पास, वाचणंही पास. बोलण्यात अर्ध्या गुणाने गेलं. मिस्त्रींनी फोन दोनदा पुसून पुन्हा बघितला. मग बारक्याला सांगून ते घरी आले, स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसले आणि त्यांनी बायकोला कॉल लावला. तिच्याकडे सकाळ होती. जाड कोट गळ्यापर्यंत बंद करून ती कामावर निघायच्या तयारीत उभी होती.

“अर्ध्या गुणाने,” मिस्त्री म्हणाले. “बोलण्यातच.”

तिने पडद्यावरून नजर काढून खिडकीकडे पाहिलं.

“खरं सांगा,” ती म्हणाली. “तुम्हाला यायचंय की नाही? एवढंच सांगा. परत नका म्हणू, उत्तर द्या.”

मिस्त्रींच्या तोंडाशी लगेच दहा उत्तरं आली. अगं, असं काय करतेस. बघू, पुढच्या वेळी. तुझ्या साहेबालाच इकडे पाठव, त्याची परीक्षा घेतो. सत्तावीस वर्षं याच उत्तरांवर त्यांनी संसार रेटला होता. मराठीत त्यांच्याकडे विषय टाळायला हवे तेवढे शब्द होते. इंग्रजीत एकही नव्हता. तिथे जेमतेम खरं तेवढंच सांगता येत होतं.

“आय अॅम अफ्रेड,” मिस्त्री म्हणाले.

तिने मान वळवून पडद्याकडे पाहिलं.

मग ते इंग्रजीतच बोलू लागले. तिथे मी कोणी नसेन, म्हणाले. तू बोलशील आणि मी पिशवी धरून उभा राहीन, त्याची मला भीती वाटते. तुझं हसणं तिथे वेगळं झालं असेल, त्याचीही वाटते. मी मुद्दाम नापास झालो नाही, पण पहिल्या दोन्ही वेळा नापास झालो तेव्हा मला थोडं बरं वाटलं होतं, आणि ते मी तुला सांगितलं नाही. बारक्याची बोटं माझ्यामुळे गेली, तेही मी तुला सांगितलं नाही. वाक्यं मोडत होती, चुका होत होत्या. एरवी ती प्रत्येक चूक टिपायची. आज तिने एकही टिपली नाही.

“बट आय वॉन्ट कम,” ते शेवटी म्हणाले. “धिस टाइम आय वॉज व्हेरी सॅड. आय वॉन्ट कम, व्हेरी मच.”

तिने नाकाला रुमाल लावला.

“फाइल पुन्हा टाकायची तर दीड वर्ष जाईल,” ती मराठीत म्हणाली.

“जाऊ दे.”

“तुमचं वय होतंय.”

“तुझं काय थांबलंय?”

तिला हसू फुटलं आणि त्याबरोबर डोळ्यांतून पाणी. तेवढ्यात तिच्या खोलीच्या बाहेरून कुणीतरी हाक मारली. तिने मागे वळून इंग्रजीत झरझर काहीतरी सांगितलं. त्यातला एकही शब्द मिस्त्रींना कळला नाही. बाहेर दार लागल्याचा आवाज आला आणि एक गाडी निघून गेली.

तिने कोटाची बटणं एकेक करून काढली, कोट खुर्चीच्या पाठीवर टाकला आणि ती खाली बसली.

“हं,” ती म्हणाली. “पुढे सांगा.”